नोहाशी न पटणाऱ्या सिपोरा टीचर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिपोरा टीचर राहतात. त्यांचं नोहाशी पटत नाही.

हे मी आमच्या नव्या वॉचमनला सांगितलं, तेव्हा त्यानं गंभीरपणे विचारलं, "नोहा कौनसे फ्लॅट में है, साब?" चूक त्याची नव्हती. आदल्याच दिवशी टीचर गेटपाशी उभ्या राहून मला म्हणत होत्या, "त्या माणसाला सगळं आधीपासून माहीत होतं. सगळं बुडणार हे माहीत होतं. आणि पठ्ठ्यानं एका शेजाऱ्याची कडी वाजवली नाही. बायको घेतली, मुलं-सुना घेतल्या, जनावरं घेतली आणि दार लावून बसला. असला माणूस मला सोसायटीत नको." हे ऐकून कोणालाही वाटलं असतं की नोहा म्हणजे दोन गाड्या आडव्या लावणारा कुणीतरी भाडेकरू असणार.

नोहा बायबलातला. जगबुडीच्या वेळी देवानं सांगितल्यावरून ज्यानं मोठं तारू बांधलं, तो. टीचर त्याच्याबद्दल बोलतात ते मात्र आपण मागच्या सेक्रेटरीबद्दल बोलतो तसं. अब्राहाम, मोशे, योना ही सगळी मंडळी त्यांच्या लेखी बदलापूर पश्चिमेलाच कुठंतरी राहणारी आहेत आणि अधूनमधून त्यांचे कान उपटावे लागतात.

सिपोरा आवासकर हे त्यांचं पूर्ण नाव. अंबरनाथच्या मराठी शाळेत त्यांनी इतिहास आणि मराठी शिकवलं. विद्यार्थ्यांना 'सिपोरा' म्हणता येईना, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्या 'सुपारी टीचर' होत्या. आजही स्टेशनजवळ एखादा टक्कल पडलेला गृहस्थ वाकून नमस्कार करतो आणि बायकोला सांगतो, "ह्या आमच्या सुपारी टीचर." टीचर त्याला पहिल्यांदा ऱ्हस्व-दीर्घावरून ओळखतात. "तू 'निवडणुक' लिहायचास ना? अजून तसंच लिहितोस?"

त्या बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण या 'म्हणजे'ला त्यांची हरकत असते. त्यांचे पूर्वज कधीकाळी अलिबागच्या बाजूला किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. "इतकी शतकं कोकणात काढल्यावर माणूस कुठला असतो?" असं त्या विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. बोलणं, नऊवारीतले फोटो, बिरड्याची उसळ, सगळं आपल्यासारखंच. फक्त कोळंबी खात नाहीत. नदीकाठच्या आमच्या मांजर्लीत राहून कोळंबी न खाणं ही त्यांनी देवासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं त्या म्हणतात.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक छोटी तिरकी डबी ठोकलेली आहे. तिला मेझूझा म्हणतात. आत प्रार्थनेचा कागद असतो. कुरिअरवाली मुलं तीच बेल समजून दाबत बसतात. शेवटी टीचरनी खाली चिठ्ठी लावली : 'ही बेल नाही. तरी दाबल्यास वर ऐकू जाते.'

शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. पण त्या सुधारक. लहानपणी वडील त्यांना मुंबईत अशा प्रार्थनास्थळी नेत, जिथे बायका-पुरुष एकत्र बसत आणि मुलीही पुढे उभ्या राहून ग्रंथ वाचत. त्यामुळे कुठल्याही नियमाला "का?" असं विचारल्याशिवाय त्या तो पाळत नाहीत. शनिवारी लिफ्ट वापरायची की नाही, यावर त्यांचं मत ठरलेलं आहे. "देवानं सांगितलं, विश्रांती घे. या गुडघ्यांनी तीन मजले चढणं ही विश्रांती आहे का? मग लिफ्ट हाच धर्म." आमची लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असते. त्याबद्दल त्या देवाला नाही, मला बोलतात. कारण सेक्रेटरी मी आहे. ज्या मीटिंगमध्ये मला सेक्रेटरी केलं, तिला मी हजर नव्हतो; त्यामुळेच केलं.

शनिवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये चार माणसं जमतात. त्या आठवड्याचा ग्रंथातला भाग त्या मराठीतून वाचतात, मग वर्तमानपत्र वाचतात, आणि मग दोन्हींचं भांडण लावून देतात. मी पहिल्यांदा गेलो तो लिफ्टबद्दल बोलायला. त्या दिवशी लोटाची बायको चालू होती. जळत्या शहरातून पळताना तिनं मागे वळून पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. "का वळली, कोणी विचारलं का तिला?" टीचर म्हणाल्या. "गॅस बंद केला का, ते आठवत असेल. शेजारीण निघाली का, ते बघत असेल. बाईनं घराकडे एकदा वळून पाहिलं तर एवढी शिक्षा? मला हे मान्य नाही." त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि मला शेवेचा बाऊल दिला. लिफ्टचा विषय राहूनच गेला. पुढच्या शनिवारपासून मी आणि बायको नेमानं जाऊ लागलो.

तळमजल्यावरचे लालवाणीही येतात. उल्हासनगरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. बायको गेल्यावर मुलानं ते चालवायला घेतलं आणि हे नदीजवळ शांतता म्हणून आमच्याकडे राहायला आले. टीचर त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलतात, ते टीचरशी सिंधी वळणाच्या हिंदीत, आणि दोघांनाही सगळं कळतं. फक्त एकमेकांचं पटत नाही.

अब्राहामानं सदोम शहर वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस केली, ही टीचरची लाडकी गोष्ट. शहरात पन्नास भले लोक असले तर सोडशील? पंचेचाळीस? तीस? असं करत करत तो दहावर आला. "उल्हासनगरच्या बाजारातसुद्धा इतकं कमी करत नाहीत," टीचर कौतुकानं म्हणाल्या.

"करते हैं," लालवाणी म्हणाले. "पर उसके लिए पहले दुकान से उठ के जाना पडता है. ये अब्राहाम उठा नहीं, बैठा रहा. इसलिए दस पे अटक गया."

टीचरना पुस्तक पुन्हा उघडून बघावं लागलं. त्यांच्या घरात हे क्वचित घडतं.

योनाच्या वेळी तर त्यांची हारच झाली. योनाला मोठ्या माशानं गिळलं, तो माशाच्या पोटात राहिला, हे ऐकून लालवाणींनी भिंतीकडे पाहत शांतपणे सांगितलं, "हमारा झूलेलाल, पानी का देव, मछली के ऊपर बैठता है. तुम्हारावाला अंदर. ऊपर अच्छा है, टीचर. हवा आती है." टीचर इतक्या हसल्या की माझ्या बायकोला पाणी आणावं लागलं. पण सोमवारी जिन्यात त्या लालवाणींना म्हणाल्या, "आत राहून प्रार्थना करणं जास्त कठीण असतं. हे तुम्ही लक्षात घेतलं नाही."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे : "आणि शेजाऱ्यांचं काय?" तो त्या कुठेही विचारतात. एका उन्हाळ्यात पाणीकपात वाढली. बारवी धरणात पाणी कमी, म्हणून नळ एक दिवसाआड. आम्ही बोअर मारली. पाणी लागलं, पेढे वाटले. टीचरनी पेढा हातात धरून विचारलं, "आणि शेजाऱ्यांचं काय?" शेजारी म्हणजे भिंतीपलीकडची चाळ. कमिटीनं सांगितलं की आपल्या नियमांत असं काही बसत नाही. टीचर म्हणाल्या, "मग नियमाला सांगा, जरा सरकून बस." त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला. त्या पेढ्याकडे बघत मीटिंग चालू राहिली, आणि तासाभरानं भिंतीवरून एक नळी पलीकडे टाकायचं ठरलं. नंतर टीचरनी पेढा खाल्ला.

हाच प्रश्न त्या दर शुक्रवारी फोनवर आपल्या भावालाही विचारतात. सायमन त्यांचा धाकटा भाऊ. तरुणपणीच इस्राएलला गेला. मग मामा गेले, चुलत भाऊ-बहिणी गेल्या, शेजारच्या दोन घरांतले गेले. आईला जायचं नव्हतं, म्हणून टीचर थांबल्या. आई गेल्यावर शाळा होती, म्हणून थांबल्या. शाळा संपल्यावर सायमननं विचारलं, आता काय आहे तिथे? टीचर म्हणाल्या, "आता सवय आहे."

तिकडे लढाई सुरू झाल्यापासून ते फोन अवघड झाले. एकदा मी पाणीपट्टीबद्दल काही विचारायला गेलो असताना सायमनचा व्हिडिओ कॉल आला. तो मराठीत सांगत होता, भोंगा वाजला की नातवंडांना घेऊन आम्ही आतल्या भक्कम खोलीत जाऊन बसतो. टीचरनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "पोरं घाबरतात का रे? जेवतात का नीट?" त्यांनी नातवंडांची नावं घेऊन एकेकाची चौकशी केली. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पलीकडची पोरं? त्यांना आहे का अशी खोली?"

"ताई, तू इथे राहत नाहीस," सायमन म्हणाला.

"नाही राहत. म्हणून विचारू नको का?"

"प्रत्येक वेळी हेच."

"तुझी काळजी नसती तर फोनच उचलला नसता. दोन्हीकडची काळजी एकाच वेळी वाटते रे. मी काय करू?"

सायमननं फोन ठेवला. टीचरनी पदरानं मोबाइलची काळी काच पुसली. मी पाणीपट्टीचं बिल घडी करून खिशात घातलं. पुढच्या शुक्रवारी सायमनचा पुन्हा फोन आला. जणू काही झालंच नाही, अशा आवाजात त्यानं विचारलं, गव्हाच्या चिकाच्या हलव्यात नारळाचं दूध किती घालायचं? टीचरनी त्याला ते सविस्तर सांगितलं. गेली पन्नास वर्षं त्याला ते माहीत होतं.

आता पुराचं सांगतो.

उल्हास नदी आमच्या मागच्या बाजूला आहे. जुलैत ती वर येते, आवाराच्या भिंतीपर्यंत डोकावते आणि परत जाते. तिच्या या येण्याजाण्याची आम्हाला सवय आहे. त्या वर्षी पाऊस तीन दिवस उघडला नव्हता. गुरुवारी सकाळी फोनवर सूचना आली की नदीची पातळी वाढत आहे, काठच्या लोकांनी सावध राहावं. मी ती लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. चार अंगठे आले, एक हात जोडलेला आला. मी चहा प्यायला बसलो.

दार वाजलं. टीचर छत्री घेऊन उभ्या होत्या, पायात शाळेत जायच्या वेळचे बूट.

"नदीचं काय ते बघितलंस?"

"ग्रुपवर टाकलंय, टीचर."

"किती जणांनी वाचलं?"

"चार अंगठे आलेत."

"तळमजल्यावर सहा घरं आहेत," त्या म्हणाल्या. "चल. कड्या वाजवायच्या."

मी चप्पल घातली. आम्ही एकेक दार वाजवत गेलो. टीचर प्रत्येकाला तेच सांगत होत्या : गाडी चढावर नेऊन लावा, कागदपत्रं आणि औषधं घ्या, गॅस बंद करा, वर या. काही जण हसले. एकजण म्हणाला, दरवर्षी येतं पाणी, पायरीवरून परत जातं. टीचर म्हणाल्या, "परत गेलं तर मला शिव्या दे. आत्ता गाडी हलव." वर्गातल्या आवाजात सांगितलं की अजून लोक ऐकतात. त्यानं गाडी हलवली. मग टीचर भिंतीपलीकडच्या चाळीत गेल्या. तिथल्या बायका मुलांना आणि पातेल्यांना घेऊन आमच्या जिन्यात यायला लागल्या, तेव्हा कमिटीतल्या एकानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुपारपर्यंत पाणी भिंतीवरून आत आलं. ते आवाज न करता आलं. आधी पार्किंग गेलं, मग मीटरची खोली. वीज गेली. सगळे वर आले होते. फक्त लालवाणी आले नव्हते.

त्यांच्या हॉलमध्ये सागवानी झोपाळा आहे. त्यावर ते बसले होते. पाणी उंबऱ्यावरून आत येऊन फरशीवर पसरलं होतं.

"साईं, चला," मी म्हणालो.

"ये दरिया अपना है," ते म्हणाले. "झूलेलाल का पानी है. मेरे को कुछ नहीं करेगा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेरा बाप एक बार सब छोड के आया था. सिंध से. मैं नहीं छोडेगा. इस झूले पे मेरी बीवी बैठती थी."

मी वर जाऊन टीचरना सांगितलं. त्या उतरून आल्या. गुडघाभर पाणी झालं होतं. साडी एका हातात धरून त्या भिंतीला टेकत टेकत आत गेल्या आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"टीचर, आप ऊपर जाओ," लालवाणी घाबरून म्हणाले.

"नाही. इथे हवा आहे," टीचर म्हणाल्या.

"पानी बढ रहा है."

"बघितलं मी. मला डोळे आहेत."

"आपका क्या काम है इधर?"

"तुम्ही शेजारी आहात," टीचर म्हणाल्या. "मी वर जाऊन दार लावून बसले, तर उद्यापासून त्या नोहाला काही बोलायचं तोंड मला राहणार नाही. आयुष्यभर बोलत आलेय त्याला. या वयात दुसरं काही सुरू करणं जमणार नाही."

झोपाळ्याच्या फळीखालून पाणी वाहत होतं. टीचरनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली होती. त्यांना पाण्याची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. लालवाणींनाही ते दिसलं असावं. त्यांनी उठून भिंतीवरचा बायकोचा फोटो काढला, छातीशी धरला आणि दुसरा हात टीचरना दिला. "चलो," ते म्हणाले. "आप जिद्दी औरत हो."

"तुम्ही हळू चाला," टीचर म्हणाल्या. "इथे पायरी आहे."

आम्ही तिघं जिना चढलो. पहिल्या मजल्यावर मी राहतो. संध्याकाळपर्यंत पाणी आमच्या दारापासून दोन पायऱ्या खाली येऊन थांबलं. झोपाळा बुडाला. माणूस एकही बुडाला नाही.

पहिला मजलाही धड राहील याची खात्री नव्हती, म्हणून आम्ही आपापल्या गाद्या उचलून वर नेल्या. टीचरच्या दोन खोल्यांत किती माणसं मावली ते मला सांगता येणार नाही. चाळीतल्या बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. टीचरचा मांसाचा टोप वेगळा, दुधाचा वेगळा; त्यांच्यात दोन्ही एकत्र येऊ देत नाहीत. त्यांनी एकदाच समजावून सांगितलं आणि कुणी चुकलं तर दुसरीकडे पाहिलं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी त्यांनी नेहमीप्रमाणे तेलाचा दिवा लावला; त्यांचा शनिवार शुक्रवारच्या मावळतीलाच सुरू होतो. वीज नव्हतीच, त्यामुळे घरात तेवढाच उजेड होता. डोक्यावर पदर घेऊन, डोळ्यांवर हात ठेवून त्यांनी हिब्रूत दोन ओळी म्हटल्या. लालवाणींनी डोक्यावर रुमाल टाकला. चाळीतल्या एका म्हातारीनं हात जोडले. मग टीचरनी प्रार्थनेनंतर घ्यायचं भिजवलेल्या मनुकांचं शरबत काढलं. वाटी एक आणि माणसं इतकी. प्रत्येकाच्या ओठाला जेमतेम लागलं. "एवढी गर्दी मी आमच्या घरी कधी पाहिली होती, माहितीये?" त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "गावी, आवासला. मी परकर नेसत होते तेव्हा."

शनिवारी पाणी ओसरलं. सगळे खाली चिखल काढायला गेले. टीचरच्या हिशेबानं शनिवारी काम करायचं नसतं; त्या गॅलरीतून वर्गावर लक्ष ठेवावं तशा उभ्या राहिल्या आणि झाडू कुठे फिरला नाही ते सांगत राहिल्या. संध्याकाळपर्यंत जो तो आपल्या घरी गेला. लालवाणींना मुलगा येऊन उल्हासनगरला घेऊन गेला.

रविवारी दुपारी मी गाद्या आणायला वर गेलो. त्यातल्या दोन आमच्या होत्या.

दार उघडं होतं. हॉलभर गाद्या तशाच पसरलेल्या होत्या. उशा नीट मांडलेल्या, चादरी ओढून सरळ केलेल्या. टीचर भिंतीला टेकून एका गादीच्या कडेवर बसल्या होत्या. वर्तमानपत्र मांडीवर होतं, पण चष्मा घातलेला नव्हता.

मी पहिली गादी गुंडाळायला वाकलो.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला चालायला अडचण होईल."

"कडेनं जाते मी."

मी उभा राहिलो. मग समोरच्या गादीवर बसलो. खालून फरशी घासल्याचा आवाज येत होता.

"त्या माणसाला मी फार बोलले," टीचर म्हणाल्या. कोणाला, ते मला कळलं. "तारवातून बाहेर आला, तेव्हा त्यानं द्राक्षाची बाग लावली आणि दारू पिऊन पडला. लोक हसतात त्याला. मीही हसायचे. पण विचार कर. बाहेर आला तर गल्लीत कुणी नाही. तुमच्याकडे पाणी किती चढलं होतं हो, एवढं विचारायलासुद्धा कुणी नाही." त्यांनी चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली. "वाचणं म्हणजे तेवढंच नसतं."

मग त्या उठल्या आणि चहा टाकते म्हणाल्या. आतून पातेल्याचा आवाज आला. ते मोठं, परवाचंच पातेलं होतं. आम्ही दोघांनी एकेक कप घेतला. त्यांनी मला सायमनच्या धाकट्या नातीचा फोटो दाखवला. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

मी रिकाम्या हातानं खाली आलो. बायको दारात पायपुसणं झटकत होती.

"गाद्या?"

"टीचरकडे पाहुणे आहेत," मी म्हणालो.

"कोण आलंय?"

"अजून कोणी नाही," मी म्हणालो. "आपण जेवून वर जाऊ. आज तिथेच झोपू."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पायपुसणं खाली टाकलं आणि उशा काढायला आत गेली.